बाबांची सागवानी पट्टी आणि कार्पेटवाल्याचा कटर

या वेळचं पत्र कासारवडवलीहून आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

'जूनमध्ये सासूबाई टाइल्सवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सध्या त्या डोंबिवलीला नणंदेकडे आहेत (दसऱ्यानंतर घरी येतील). त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट घालायचं ठरलंय. पण खोलीला मागच्याच आठवड्यात नवा रंग दिलाय, आणि तिथली स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी जमिनीलगत असते ती पट्टी, सागवानी आहे. नौपाड्यातलं बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जुनं घर रीडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा माळ्याच्या फळ्या त्यांनी टेम्पोत घालून आणल्या, आणि सुताराजवळ खुर्ची टाकून बसून ही पट्टी करून घेतली. कार्पेटवाला म्हणतो, पट्टी काढू आणि नंतर परत ठोकू, नाहीतर थोडंफार घासलं जाईल ते चालवून घ्या. बाबा म्हणतात, पट्टीला हात लागला तर कार्पेटच नको. नवरा म्हणतो, गणपतीआधी उरकून टाकू. मी मधल्या मध्ये अडकलेय. काय करू? – एक सून'

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीय. सासूबाई दसऱ्यानंतर येणार आहेत. मग गणपतीआधी कार्पेट घालून त्यावरून कोण चालणार? भर पावसात आरतीला आलेले पाहुणे, ओल्या पायांनी. यजमानांना एवढंच सांगा. ते ऐकतील असं मला वाटतं, कारण पुढे ढकलणं नवऱ्यांना सहसा आवडतं.

दुसरं कारण रंगाचं. प्लास्टिक इमल्शन दोन-चार तासांत हाताला सुकतं, म्हणून आपल्याला वाटतं की झालं काम. पण तो थर आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि श्रावणातल्या दमट हवेत त्याहूनही जास्त. घोडबंदरला येऊरच्या डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना दमट हवा म्हणजे काय हे मी सांगायला नको, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते तुमच्याकडे. अशा कोवळ्या रंगावर कार्पेटची पाठ नुसती घासली तरी चकाकता पट्टा उमटतो. पुसायला जाल तर तो आणखी चकाकतो. दाराच्या मागे, जिथे कुणी बघत नाही, तिथे नखाने हलकेच दाबून पाहा. खूण उमटली तर रंग अजून कोवळा आहे. चौकटीला ऑइलपेंट असेल तर तिथेही हीच परीक्षा घ्या, तो आणखी उशिरा पिकतो.

थांबायचं आहेच तर त्या दिवसांत आणखी एक काम करून घ्या. प्लास्टिकचा दोन फूट बाय दोन फूट जाड कागद खोलीच्या बाहेरच्या भिंतीलगत जमिनीवर ठेवा आणि चारी कडा टेपने बंद करून रात्रभर सोडून द्या. बाथरूमच्या भिंतीला चिकटून जो कोपरा आहे तिथेही एक लावा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला घाम आला असेल, किंवा टाइलच्या सांध्यांचा रंग गडद झाला असेल, तर खालून ओल येतेय. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंतींवर आपल्याकडे पावसाचा मारा जास्त, त्यामुळे खिडकीखालची जागा नीट बघा. ओल असताना वर कार्पेट घातलं तर पहिला बळी बाबांच्या सागाच्या मागच्या प्लास्टरचा जाईल, आणि ते तुम्हाला कळेल तेव्हा वास सुटलेला असेल.

ऑक्टोबरची उन्हं पडली की काम काढा.

आता पट्टी काढायची का? अजिबात नाही. इथे बाबा बरोबर आहेत, त्यांचं कारण वेगळं असलं तरी. भिंतीत गुल्ले, म्हणजे स्क्रू धरणारे खुंट, मारून स्क्रूने बसवलेली आणि वर ॲढेसिव्हही लावलेली पट्टी पाचर घालून उचलली की प्लास्टरचे टवके तिच्याबरोबर येतात, वरच्या कडेला नव्या रंगाची साल निघते, आणि जुना साग वाळून इतका खडखडीत झालेला असतो की टोकाला चीर जाते. परत बसवताना जुन्या भोकांत स्क्रू धरत नाहीत. मग 'ठोकू' म्हणजे काय ते कळतं, अक्षरशः खिळे ठोकतात. पट्टी अजून बसवायचीच असती तर मी म्हटलं असतं की खाली आठ-दहा मिलिमीटर जागा सोडा म्हणजे कार्पेटची कड तिच्याखाली सरकेल. ती वेळ गेली. आहे त्या जागी तिला सांभाळायचं.

लोक पत्रांतून नेहमी कटरबद्दल विचारतात. मी तीस वर्षं ठाण्यात घरांच्या आतली कामं बघितली, आणि माझ्या हिशेबाने निम्म्याहून जास्त ओरखडे कटर खिशातून बाहेर निघण्याआधीच पडलेले असतात. कार्पेटचा रोल बारा फूट रुंद असतो. मधे पुठ्ठ्याची जाड नळी. तुमच्या खोलीपुरता तुकडाही पंचवीस-तीस किलो भरतो. तो लिफ्टमध्ये उभा मावत नाही, म्हणून दोघं खांद्यावर टाकून जिन्याने चढतात. दारात वळतात तेव्हा पुढच्याचं लक्ष पुढे असतं, मागचा ढकलत असतो, आणि नळीचं टोक भिंत नांगरत जातं.

हे पुस्तकी ज्ञान नाही. माझ्याच नौपाड्याच्या घरी झालंय. रंग होऊन दहा दिवस झालेले. मी, लोकांच्या कामांवर उभा राहून ओरडणारा माणूस, त्या दिवशी नेमका चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला चार फूट लांब, पुट्टीपर्यंत खोल रेघ. कारागीर म्हणाला, 'साहेब, ही आधीचीच असेल.' दोन वर्षं तिथे चपलांचं कपाट उभं होतं. त्या जागी चपलांचं कपाट का, हे बायकोने एकदाही विचारलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

तर असं करा. रोल वर न्यायचाच नाही. तुमच्या इमारतीला पोडियम किंवा खाली मोकळं पार्किंग असणार. सोसायटीच्या ऑफिसात आधी सांगून ठेवा, वॉचमनला सांगा, तिथे स्वच्छ ताडपत्री अंथरून कार्पेट उलगडायला लावा. खोलीची मापं दोन-दोन ठिकाणी घ्या, कारण दहा बाय बाराची खोली एका टोकाला नऊ फूट अकरा इंच निघते. दाराच्या खाचेची मापं वेगळी लिहा. चारी बाजूंना तीन इंच जास्तीचे ठेवून खालीच कापून घ्या. मधली नळी काढून टाकायची. मग तो तुकडा सैल गुंडाळला की मधे वाकवून लिफ्टमध्ये जातो. एकदम चपटी घडी मात्र घालू देऊ नका, पाठीवर कायमची मोड राहते.

दारापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर भिंतींना नालीदार पुठ्ठा लावा. टीव्ही, फ्रिज ज्या खोक्यात येतात तसा. जांभळी नाक्याच्या बाजारात पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात रोलने मिळतो, नाहीतर सोसायटीच्या भंगारवाल्याकडे खोकी मागा. कमरेपर्यंत उंची पुरे. भिंतीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यांना तोच पुठ्ठा काटकोनात दुमडून लावायचा, आणि चौकटीला जुनी चादर गुंडाळायची. पुठ्ठा भिंतीला टेपने चिकटवू नका. खाली जमिनीला टेप, वर एखाददुसरी खुर्ची टेकवून उभा ठेवा. नव्या रंगावर लावलेली कुठलीही टेप ही उधारी असते, काढताना वसूल करते.

टेपचा विषय निघालाच आहे. दुकानदार तुम्हाला पिवळी मास्किंग टेप देईल आणि तुम्ही ती सगळ्या स्कर्टिंगवर लावून निर्धास्त व्हाल. थांबा. आधी बाबांना विचारा की पट्टीला पॉलिश कुठलं केलंय. त्यांना आठवत नसेल तर कापसाच्या बोळ्यावर पॉलिशवाल्याचं स्पिरिट घ्या आणि पलंगामागे, जिथे दिसत नाही अशा जागी, टेकवून अर्धा मिनिट धरा. बोळा चिकट झाला, तांबूस-पिवळा रंग त्यावर उतरला, तर ते जुन्या पद्धतीचं लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. बोळा कोरडा निघाला तर बहुतेक मेलामाइन, म्हणजे हल्लीचं कडक पॉलिश. मेलामाइनवर चांगली, हलक्या गोंदाची मास्किंग टेप एका दिवसापुरती चालते. त्याच संध्याकाळी काढायची, आणि काढताना आपल्याकडे ओढायची नाही. टेप स्वतःवरच उलटी दुमडून सावकाश मागे न्यायची. लाखेच्या पॉलिशवर टेप लावूच नका. रात्रभर राहिली तर चमक घेऊनच निघते. आणि कुठल्याही लाकडावर, कुठल्याही परिस्थितीत, खोक्यांची ती तपकिरी टेप नको.

लाखेचं निघालं तर बाबांच्या हातात मऊ फडकं आणि मेणाच्या पॉलिशची डबी द्या. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पूर्ण पट्टीवर पातळ हात फिरवून, अर्ध्या तासाने चोळून घ्यायचं. मेणामुळे कार्पेटची पाठ लाकडावरून सरकते, खरवडत नाही. ती पाठ तुम्ही हाताने पाहिली नसेल तर दुकानात बोट फिरवून पाहा. प्लास्टिकच्या धाग्यांचं उघडं विणकाम असतं, भांड्याच्या घासणीसारखं. वरची बाजू जितकी मऊ तितकी खालची खरबरीत. पुढे कधी पट्टीला नवं पॉलिश करायचं झालं तर आधी मेण पुसून काढावं लागेल, एवढं सुताराला सांगून ठेवा.

आणि आता माझी आवडती युक्ती. सासूबाईंच्या खुब्याचे एक्स-रे तुमच्या घरी पाकिटात पडलेले असणार. ती फिल्म पातळ, गुळगुळीत आणि फाटायला चिवट असते. कार्पेट अंथरताना जिथे कड पट्टीला घासून वर चढणार असते तिथे फिल्म मधे उभी धरायची आणि कार्पेट बसलं की वर ओढून घ्यायची. पट्टीला स्पर्शही होत नाही. पण पुढच्या तपासणीला डॉक्टर जुनी फिल्म मागतात, तेव्हा ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या फिल्म बाजूला ठेवा. शेजाऱ्यांकडे कुणाच्या तरी छातीचे, गुडघ्याचे जुने एक्स-रे निघतीलच, आपल्या इमारतींत त्यांची कमी नसते. कटरला मात्र फिल्म पुरत नाही, नवं पातं तिला कापून आरपार जातं. तिथे पुट्टी लावायचा सहा इंची पत्रा लागतो.

आता कार्पेट बसतं कसं ते सांगतो, म्हणजे कारागिराशी बोलताना तुम्हाला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळेल. खोलीच्या कडेने लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवतात, त्यांवर तिरके खिळे वर आलेले असतात आणि त्यांचा रोख भिंतीकडे असतो. ही ग्रिपर पट्टी. तिच्या आतल्या बाजूला फोमचा अंडरले, म्हणजे कार्पेटखालचं अस्तर. कार्पेट ताणून त्या खिळ्यांवर अडकवतात, आणि उरलेली कड ग्रिपर आणि स्कर्टिंग यांच्यामधल्या फटीत दाबून बसवतात. स्कर्टिंगचं सगळं भवितव्य या फटीवर आहे. फट कार्पेटच्या जाडीच्या साधारण दोन-तृतीयांश हवी. कार्पेट नऊ मिलिमीटर असेल तर फट सहाची. ग्रिपर स्कर्टिंगला चिकटवून ठोकली तर कड जायला जागाच उरत नाही, मग कारागीर छिन्नीने कोंबतो आणि छिन्नीची पाठ सागावर घासते. फट जास्त ठेवली तर कड आत पडते, खिळे उघडे राहतात, आणि आपण घरात अनवाणी चालणारी माणसं. सहा मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा कारागिराच्या हातात द्या, ग्रिपर ठेवताना तो मधे धरायचा. रागावणार नाही. उलट त्याचंही काम सोपं होतं.

ग्रिपर ठोकतात कशी हा पुढचा प्रश्न. परदेशात बऱ्याच घरांत जमीनच लाकडी असते, खिळा जातो. आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइल. तिच्यात खिळा जात नाही, टाइल तडकते, आणि हातोडा उसळून बाजूच्या पट्टीवर बसतो. स्कर्टिंगच्या खालच्या कडेला ओळीने जे अर्धगोल खड्डे दिसतात ते या हातोड्याचे. ड्रिल मारून गुल्ले घालतो म्हणाला तरी नको. टाइलखालून विजेचा पाइप कुठून गेलाय हे तुम्हाला माहीत नाही आणि त्यालाही नाही. ग्रिपर चिकटवून घ्या. टाइलची चमक पॉलिश पेपरने घालवायची, धूळ पुसायची, ॲढेसिव्ह लावून पट्टी दाबायची आणि चोवीस तास तिला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे कारागिराला दोन दिवस यावं लागेल. इथे तो कुरकुर करेल, कारण त्याचा हिशेब एका दिवसाचा असतो. दुसऱ्या फेरीचे पैसे द्या. हे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

ॲढेसिव्हचा डबा दिसला की स्कर्टिंगच्या पायाशी वर्तमानपत्राची घडी टेकवून ठेवा. ओघळ लाकडावर आलाच तर ओला असताना कोरड्या फडक्याने टिपायचा. कारागीर लगेच थिनर काढतो, त्याला थांबवा. थिनरने ओघळ जातो, पॉलिशही जातं.

ताण देताना दोन तऱ्हा असतात. एक किकर, म्हणजे गुडघ्याने धक्का देऊन कार्पेट भिंतीकडे सरकवायचं हत्यार. त्याचं दातेरी डोकं निसटलं तर सरळ स्कर्टिंगवर आदळतं, म्हणून समोर कार्पेटचाच एखादा कापलेला तुकडा उभा टेकवून ठेवायचा. दुसरा मोठा स्ट्रेचर. तो समोरच्या भिंतीला पाय देऊन इकडची कड ताणतो. काम जास्त चांगलं होतं, सुरकुत्या पडत नाहीत, आणि सासूबाईंच्या दृष्टीने सुरकुती ही सगळ्यात वाईट. पण त्याचा पाय जिथे टेकतो तिथे सगळा जोर हातभर जागेत येतो. हल्लीच्या टॉवरांत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यांवर एका जागी दाब आला तर पट्टी मागे दबते आणि वर रंगाला केसाएवढी चीर जाते. चार-पाच फुटांची जाड फळी आडवी टाका, तिच्या मागे दुमडलेली घोंगडी, आणि स्ट्रेचरचा पाय फळीवर. जोर पसरतो.

मग शेवटी कटर. पातं नवं हवं, आणि तासाभराने बदलायला हवं. बोथट पातं जोर मागतं आणि जोरातच निसटतं. पातं भिंतीपासून थोडं बाहेर कललेलं असावं. कोपऱ्यात कार्पेट वर उभं राहतं तिथे वरून खाली छेद घ्यावा लागतो. त्या छेदामागे तो पुट्टीचा पत्रा असलाच पाहिजे, नाहीतर भिंतीच्या कोपऱ्यात सरळ उभी रेघ पडते. मोजून मारल्यासारखी चारी कोपऱ्यांत तशी रेघ असलेली एक खोली मी पाहिलीय. एकदाच न कापता थोडं थोडं कापत यायचं. कड थोडी लांब राहिली तर दाबून बसते, आखूड झाली तर त्यावर काही उपाय नाही.

कार्पेट निवडताना फार मऊ, केसाळ घेऊ नका. वॉकरचे रबरी पाय त्यात रुततात. आखूड, दाट विणीचं घ्या. अंडरलेही नऊ-दहा मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि घट्ट हवा. गादीवर चालल्यासारखं वाटलं तर त्या दुसऱ्यांदा पडतील. घरी येण्याआधी त्यांच्या फिजिओथेरपिस्टला नमुना दाखवलात तर उत्तम.

आता माणसांचं. कारागिराला हे सगळं हातात कटर असताना सांगायचं नसतं. भाव ठरवताना सांगायचं. 'पट्टी निघणार नाही, ग्रिपर चिकटणार, दोन दिवसांचं काम, कापणं खाली' एवढ्या चार ओळी त्याच्या अंदाजपत्रकावरच लिहून घ्या आणि थोडे पैसे काम बघून देण्याचं ठरवा. आदल्या दिवशी चारी भिंतींचे आणि पट्टीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे 'ही आधीचीच' हा वाद होत नाही. त्याच्या 'चालवून घ्या'चा राग मानू नका. दहा घरांपैकी नऊ घरी लोक चालवूनच घेतात, त्यामुळे त्याला तसं बोलायची सवय आहे. अकरा वाजता चहा आणि काहीतरी खायला द्या. हात शांत राहतो.

बाबांना खोलीत बसू द्यायचं की नाही, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न मला पत्रात दिसतो. बसू द्या. हाकलून द्याल तर दर पाच मिनिटांनी डोकावतील आणि कारागीर बिथरेल. त्यांना ठरलेलं काम द्या. एक्स-रेची फिल्म धरायचं आणि पुट्टीचा पत्रा सरकवत न्यायचं. त्याला वाकावं लागतं, तेव्हा खाली बसायला एक पाट द्या. आणि कारागिरासमोर त्यांनीच सांगावं की ही फळी कुठल्या माळ्यावर होती. मी पाहिलंय, लाकूड कुठून आलं हे कळलं की हाताने काम करणारा माणूस हात आवरतो. तुमच्या यजमानांनी मात्र त्या दोन दिवसांत सुट्टी काढून मोठं लोखंडी कपाट आधी रिकामं करायचं. भरलेलं कपाट ढकलताना भिंतीला जे होतं त्यात कार्पेटवाल्याचा काही दोष नसतो.

एवढं करूनही एखादी खूण पडलीच, तर घाबरू नका. भिंतीवर करडा पट्टा आला असेल तर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ स्पंजने अलगद पुसा, चोळू नका. टवका उडालाच तर लावायला म्हणून रंगवाल्याकडून आजच उरलेला रंग बाटलीभर मागून ठेवा, त्याच डब्यातला. शेड नंबर तोच असला तरी नव्या डब्याचा ठिपका वेगळा दिसतो. सागाला खड्डा पडला आणि लाकडाचे तंतू तुटले नसले, तर त्या जागेचं पॉलिश उतरवून ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवतात. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. पण ते सुताराला करू द्या, आणि तेही भिंतीवरच्या रंगाला पुठ्ठा लावून.

राहता राहिलं दार. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. अंडरले नऊ आणि कार्पेट नऊ धरलं तर जमीन अठरा मिलिमीटर वर येणार. खोलीचं दार आत उघडत असेल तर खालून ते घासणार, पहिल्याच दिवशी, आणि घासतं म्हणून कुणीतरी जोर लावला की मागची भिंत खाणार. आज रात्री दाराखाली अठरा मिलिमीटरचा लाकडी तुकडा सरकतो का ते पाहा. सरकत नसेल तर दार बिजागऱ्यांतून काढून खालून रंधा मारायला लागेल, आणि तो खोलीत नाही, बाल्कनीत. सुताराला कार्पेटवाल्याच्या आदल्या दिवशीच बोलवा. दारात जिथे कार्पेट संपून टाइल सुरू होते तिथे ॲल्युमिनियमची चपटी पट्टी लागेल, उंबऱ्यासारखी उंच नाही. तिचं माप सुतारालाच घ्यायला सांगा.